शब्द आणि नाव : दोन्हींचा कागद हवा

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात, दौंड-नगर रस्त्यावर काष्टी हे गाव आहे. शनिवारचा जनावरांचा बाजार ही या गावाची ओळख. गाई, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या यांचे सौदे येथे होतात. आपल्यातील अनेक कुटुंबांची रोजीरोटी अशाच बाजारांवर चालते. कोणी जनावरांचा व्यापार करतो, कोणी दलाली, कोणी टेम्पो चालवतो, कोणी कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकतो, कोणी नाल ठोकतो.

अशा बाजारांतील बरेच व्यवहार तोंडी होतात. दलाल मध्ये पडतो, उपरण्याखाली बोटे दाबली जातात, हातावर हात पडतो, इसार दिला जातो आणि जनावर दावणीवरून सुटते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे आणि बहुतेक वेळा सुरळीत चालते. परंतु ज्या एका वेळी बिनसते, त्या वेळी लहान व्यापाऱ्याची वर्षाची कमाई जाते. सांगितले तेवढे दूध गाय देत नाही, गाभण म्हणून घेतलेली म्हैस रिकामी निघते, उधारीवर नेलेल्या बकऱ्यांचे पैसे ईद होऊन सहा महिने झाले तरी येत नाहीत. मग पंचायत बसते. दोन्हीकडचे लोक शपथा घेतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते.

लहान व्यापारी आणि कारागीर यांच्याजवळ मोठे भांडवल नसते. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी असतात : त्यांचा शब्द आणि त्यांचे नाव. शब्द म्हणजे सौदा, करार. नाव म्हणजे बाजारातील पत आणि मालाची ओळख. या देशाचा कायदा दोन्ही गोष्टी मानतो, पण वाद झाला की दोन्हींचा पुरावा मागतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा पुरावा भांडणाच्या दिवशी शोधायचा नसतो. तो सौद्याच्या दिवशीच तयार ठेवायचा असतो.

तोंडी करारही करारच

आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे की, स्टॅम्पपेपर नाही म्हणजे करार नाही. हे खरे नाही. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्यानुसार दोन सज्ञान, शुद्धीवर असलेल्या व्यक्तींनी राजीखुशीने, काही मोबदला ठरवून, कायदेशीर गोष्टीसाठी केलेला ठराव हा करार होतो. बहुतेक व्यवहारांसाठी तो लेखी असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. वस्तुविक्रीचा १९३० सालचा कायदाही विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो असे स्पष्ट सांगतो. जनावरे या कायद्याच्या दृष्टीने 'माल'च आहेत.

तेव्हा हातावर हात मारून ठरलेला सौदा कायद्याने बांधील असतो. किंमत वाढली म्हणून विकणाऱ्याला तो मोडता येत नाही आणि घरी जाऊन मन बदलले म्हणून घेणाऱ्याला जनावर परत आणून बांधता येत नाही. अडचण कराराची नाही, पुराव्याची आहे. काय ठरले होते हे सांगायला दोन माणसेच उरतात आणि दोघेही आपापले सांगतात.

मुकेपणाचा अर्थ काय?

विकणाऱ्याने जनावराचा दोष स्वतःहून सांगितलाच पाहिजे का? जनावरांच्या बाजारात हा प्रश्न रोजचा आहे. करार कायद्याच्या १७ व्या कलमात याचे उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे ते घोड्याच्या विक्रीची उदाहरणे देऊन समजावले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. तोच घोडा त्याने नुकत्याच सज्ञान झालेल्या आपल्या मुलीला विकला, तर मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते, कारण तेथे विश्वासाचे नाते आहे. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो." विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे गप्प राहणे म्हणजे बोलणेच होय, असे कायदा सांगतो.

यावरून घेणाऱ्याने एकच धडा घ्यावा : विचारा, आणि साक्षीदारांसमोर विचारा. गाय कितव्या वेताची? चारही सड चालू आहेत का? मारकी आहे का? गाभण असेल तर किती महिन्यांची? विकणाऱ्याने माहीत असून खोटे सांगितले तर ती फसवणूक ठरते आणि घेणाऱ्याला करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. न विचारता घेतले तर दोष स्वतःच्या डोळ्यांचा.

१९३० च्या कायद्याने याला एक महत्त्वाचा अपवाद केला आहे. विकणारा त्याच मालाचा नेहमीचा व्यापारी असेल, आपल्याला माल कशासाठी हवा हे आपण त्याला सांगितले असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या कामास योग्य असल्याची हमी कायदाच गृहीत धरतो. "मला डेअरीला दूध घालायचे आहे, तुम्ही म्हणाल ती गाय घेतो" असे सांगून घेतलेल्या गाईबाबत व्यापाऱ्याला हात झटकता येत नाहीत. तसेच उस्मानाबादी म्हणून विकलेली शेळी उस्मानाबादीच असली पाहिजे. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असणे ही विक्रीची मूळ अटच आहे. आपल्यातील व्यापारी बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ही जबाबदारी पिढीजात व्यापाऱ्यावर अधिक येते.

जनावर कोणत्या क्षणी आपले झाले?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि नुकसान मात्र याच ठिकाणी होते. समजा, शनिवारी दुपारी म्हशीचा सौदा झाला. निम्मे पैसे दिले, बाकीचे सोमवारी देऊन म्हैस न्यायची ठरली. रविवारी रात्री विकणाऱ्याच्या गोठ्यात म्हैस दगावली. नुकसान कोणाचे?

बहुतेक लोक म्हणतील, ज्याच्या गोठ्यात मेली त्याचे. कायदा सामान्यतः उलट सांगतो. ठरावीक, दाखवलेल्या आणि न्यायला तयार असलेल्या वस्तूची बिनशर्त विक्री झाली की मालकी त्याच क्षणी घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर द्यायचे असले तरी आणि ताबा नंतर घ्यायचा असला तरी. मालकीबरोबर जोखीमही जाते. विकणाऱ्याच्या हयगयीने म्हैस मेली असेल तर गोष्ट वेगळी. मात्र दोघांनी वेगळे ठरवले असेल तर कायदा त्यांचे ठरलेले मानतो. "ताबा देईपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची" एवढे चार शब्द चिठ्ठीवर असते तर हा वाद झालाच नसता.

इसाराचे तसेच आहे. इसार आणि उचल यांत फरक आहे. इसार हा सौदा पाळण्याची हमी म्हणून दिला जातो. उचल हा किमतीचा आगाऊ भाग असतो. घेणाऱ्याने सौदा मोडला तर इसार बुडतो असा रिवाज आहे, पण विकणाऱ्याने मोडला तर काय, हे बहुधा ठरवलेले नसते. दिलेली रक्कम इसार की उचल, आणि कोणी मोडले तर तिचे काय व्हायचे, हे लिहून ठेवावे. तेही वाजवी असावे. भरपाई म्हणून भरमसाट रक्कम लिहून घेतली तरी न्यायालय वाजवी तेवढीच देते.

सौदा कोणीच मोडला नाही, पण परिस्थितीनेच मोडला, असेही घडते. २०२२ साली लम्पी रोगाच्या साथीत राज्यातील जनावरांचे बाजार बंद करण्यात आले आणि वाहतुकीवरही निर्बंध आले. ज्यांनी उचल देऊन ठेवली होती त्यांचे काय? करारातील गोष्ट करणेच पुढे अशक्य किंवा बेकायदेशीर झाले तर तो करार संपतो आणि त्यापोटी घेतलेली रक्कम परत करावी लागते, असे करार कायद्याच्या ५६ व ६५ व्या कलमांवरून दिसते. परंतु सौदा अशक्य झाला की केवळ लांबला यावर वाद होऊ शकतो. साथ, बाजारबंदी, वाहतूकबंदी आली तर किती दिवस थांबायचे आणि नंतर पैसे कसे परत करायचे, हेही आता चिठ्ठीत असावे.

उधारीची मुदत

बकरी ईदच्या हंगामात उधारीशिवाय धंदा होत नाही हे आम्ही जाणतो. पण उधारीलाही कायद्याने वय ठरवले आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षे आहे. उधारीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, ठरली नसेल तर माल दिल्यापासून ती मोजतात. "देतो, देतो" ऐकत तीन वर्षे गेली की येणे खरे असूनही दावा चालत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने "माझ्याकडे तुमचे इतके येणे आहे" असे लिहून सही करून दिले, तर तेथून पुन्हा तीन वर्षे मिळतात. म्हणून दरवर्षी हिशेब करावा आणि बाकीच्या रकमेखाली देणेकऱ्याची सही घ्यावी.

चेक घेतला असेल तर तारखांची शिस्त अधिक कडक आहे. चेक न वटल्याचे बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार करावी लागते. ओळखीखातर थांबलो आणि तारीख गेली, तर त्या चेकपुरता हा मार्ग हातून जाऊ शकतो.

जे स्वतः माल बनवून दुकानांना पुरवतात, त्या कारागिरांसाठी २००६ सालचा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा उपयोगी आहे. खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू नये. काहीच ठरले नसेल तर १५ दिवस, असे तो सांगतो. पैसे अडले तर दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. त्यासाठी माल देण्यापूर्वी 'उद्यम' नोंदणी केलेली असावी. या कायद्यात उशिराबद्दल जबर व्याजाचीही तरतूद आहे. ते घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण मुद्दल वेळेवर मिळणे हा कारागिराचा हक्क आहे आणि तो मागण्यात संकोच नसावा.

चिठ्ठीत काय असावे?

यासाठी वकील लागत नाही. शाळकरी मुलाच्या वहीचे पान आणि पाच मिनिटे पुरतात.

१) तारीख, बाजाराचे ठिकाण, दोघांची पूर्ण नावे व पत्ते.
२) जनावराचे वर्णन : जात, रंग, वय किंवा दात, खूण, कानात बिल्ला असेल तर त्यावरील बारा आकडी क्रमांक.
३) एकूण किंमत, दिलेली रक्कम, बाकी आणि बाकी देण्याची तारीख.
४) दिलेली रक्कम इसार की उचल.
५) बोली : विकणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टी. वेत, दूध, गाभण, खोड.
६) बोली खोटी ठरल्यास किती दिवसांत कळवायचे आणि काय करायचे : जनावर परत की किमतीत सूट.
७) ताबा कधी, आणि तोपर्यंत जबाबदारी कोणाची.
८) दलाली कोण आणि किती देणार.
९) दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोन साक्षीदार.

दोन प्रती कराव्यात, एक एकाकडे, एक दुसऱ्याकडे. पाच हजारांवरील रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे. मोठा किंवा दीर्घ मुदतीचा करार असेल तर मुद्रांकाचे जाणकाराला विचारून घ्यावे. मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो एकमेकांना पाठवून ठेवणे हेही शहाणपणाचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही असा इलेक्ट्रॉनिक पुरावा, आवश्यक प्रमाणपत्रासह, ग्राह्य आहे.

बाजाराची पावती आणि ही चिठ्ठी जवळ असणे आणखी एका कारणाने गरजेचे झाले आहे. जनावरे घेऊन रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना काय सोसावे लागते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०२५ साली राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी याच त्रासाला कंटाळून जनावरांची खरेदी बंद ठेवली होती. कागद हा या त्रासावरचा संपूर्ण उपाय नाही, तो उपाय शासनाने आणि पोलिसांनी करायचा आहे. पण जनावर कोणाचे, कोणाकडून, किती रुपयांना घेतले हे दाखवणारा कागद खिशात नसेल, तर निर्दोष माणसाची बाजूही लंगडी पडते.

"लिहून मागितले तर राग येतो"

आमच्याशी बोलताना अनेक व्यापारी हीच अडचण सांगतात. ओळखीच्या माणसाकडे सही मागायची कशी? त्याला वाटेल, माझ्यावर भरवसा नाही.

या बंधूंना आम्ही एवढेच स्मरण करून देऊ इच्छितो की, पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नसून उधारीच्या कागदाविषयी आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्यास सांगितले आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहारात न लिहिल्यास दोष नाही, पण सौद्याला साक्षीदार ठेवा, असेही सांगितले आहे. तेव्हा लिहून मागणे हा अविश्वास नव्हे. विसर पडणे हा माणसाचा स्वभाव आहे, मृत्यू कोणालाही चुकलेला नाही आणि मागे राहिलेल्या मुलांना बापाचे तोंडी व्यवहार माहीत नसतात. कागद असला की मैत्री टिकते. आम्ही पाहिलेली बहुतेक भांडणे बेइमानीतून नव्हे तर "मला वाटले होते" यातून झाली आहेत.

भागीदारीत हे अधिकच लागू पडते. दोघे-तिघे मिळून हंगामात बकऱ्या घेतात, किंवा एकाच्या पैशाच्या शेळ्या दुसरा अर्धलीने पाळतो. नफा कसा वाटायचा हे ठरते; जनावर मेले तर तोटा कोणाचा हे ठरत नाही. शिवाय १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी न केलेल्या भागीदारी पेढीला गिऱ्हाइकाकडील करारावरचे येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. ज्यांचा धंदा कायमचा आहे त्यांनी ही नोंदणी टाळू नये.

नावाची मालकी

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. शब्दाचे जसे मोल आहे तसेच नावाचेही. समजा, एखाद्या कारागिराच्या घुंगरमाळांना दौंडपासून बारामतीपर्यंत नाव आहे. गिऱ्हाईक त्याचा शिक्का पाहून माल उचलते. उद्या शेजारचा दुकानदार तोच शिक्का हलक्या पितळेवर मारून विकू लागला, तर गिऱ्हाईक तुटते आणि बदनामी मूळ कारागिराची होते.

नोंदणी नसली तरी असा कारागीर निराधार नसतो. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणे न्यायालय थांबवू शकते. मात्र आपले नाव आधीपासून आहे, गिऱ्हाइकाची दिशाभूल होते आणि आपले नुकसान होते, हे त्याला सिद्ध करावे लागते. जुनी बिले, जुन्या पाट्यांचे फोटो, छापलेल्या पिशव्या यांचा तेथे उपयोग होतो. म्हणून बिल न देता विकण्याची सवय शेवटी स्वतःच्याच नावावर उलटते.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदणी केली तर हे काम सोपे होते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क ठेवले आहे. अर्ज मान्य होण्यापूर्वी तो जाहीर केला जातो आणि इतरांना हरकतीसाठी चार महिने मिळतात. नुसते गावाचे नाव किंवा मालाचा गुण सांगणारा शब्द सहसा नोंदला जात नाही. 'काष्टी' हे एकट्याचे नाव होऊ शकत नाही. तसेच 'संगमनेरी' ही आपल्या जिल्ह्यातील शेळीची जात आहे, ती कोणा एका व्यापाऱ्याची मालमत्ता नव्हे. आणि नोंदणी झालेली नसताना मालावर वर्तुळातले 'आर' हे अक्षर छापून नोंदणीचा दावा करणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

भाऊ-भाऊ वेगळे होतात तेव्हा दुकान, गाळा, तराजू यांची वाटणी होते. वडिलांच्या नावाची होत नाही. मग एकाच रस्त्यावर एकाच नावाच्या दोन पाट्या लागतात. वाटणीपत्रात नाव कोणाकडे राहील ही एक ओळ असावी.

नक्षीकाम करणाऱ्यांनी आणि पाट्या, पत्रिका, बोधचिन्हे काढणाऱ्या कलावंतांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. वस्तूच्या नव्या घडणीची किंवा नक्षीची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. ती दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे टिकते. पण ती नक्षी बाजारात आणण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. आधी विकली की नवेपण संपते. चित्राचा कॉपीराइट नोंदणीशिवायही कलावंताकडे येतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. दुकानदारांनीही समजून घ्यावे की, बोधचिन्हाचे पैसे दिले म्हणजे त्याचे सर्व हक्क आपोआप आले असे नेहमीच नसते.

गावाचे नाव सर्वांचे

एकट्याचे नाव जसे राखता येते तसे गावाचे नावही सर्वांनी मिळून राखता येते. मिरजेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांच्या वंशजांनी मिरजेचे नाव देशभर नेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते तेथील उत्पादकांच्या संस्थांच्या नावे मिळाले. कलेची दीड शतकाहून अधिक काळाची कमाई अशी कागदावर आली.

याचे महत्त्व कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी चप्पल मूळ कारागिरांचा उल्लेख न करता दाखवली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, पण जुलैमध्ये ती फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले. हे मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकाची चर्मोद्योग महामंडळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या महामंडळांशी सामंजस्य करार झाल्याचे जाहीर झाले. सहानुभूती साऱ्या देशाची होती. पण दाद मागण्याचा आणि वाटाघाटी करण्याचा अधिकार ज्याच्या नावे कागद होता त्याचाच ठरला.

मानांकन संस्थेला मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराचे काम संपले असेही नाही. त्याने स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. २०२० साली तिचे शुल्क दहा रुपयांवर आणण्यात आले. दहा रुपयांच्या अर्जाअभावी पिढीजात कारागीर बाहेर राहावा आणि कालचा दलाल आत यावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

आता करायचे काय?

बाजार समित्यांना आमची सूचना आहे की, जेथे पावतीवर बोलीच्या अटींसाठी रकाना नाही तेथे तो असावा. वेत, दूध, गाभण, परतीची मुदत असे चार रकाने मराठीत छापले तर निम्मे तंटे बाजारातच मिटतील. व्यापारी संघटनांनी आणि जमातींनी छापील चिठ्ठ्यांची पुस्तके काढून आपल्या माणसांना द्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी लिहिणारा एक मुलगा बसवावा. आपल्या मोहल्ल्यांत आज शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांच्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग घरच्या धंद्याला होऊ द्या.

तंटा झालाच तर प्रथम समेट करावा. तालुका विधी सेवा समिती आणि लोकअदालत यांचे दार खुले आहे. स्त्रियांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत कायदेशीर मदतही मिळते. इंग्रजीत छापलेल्या, न वाचलेल्या कागदावर मात्र कोणीही सही करू नये. वाचून घ्यावे, समजून घ्यावे, मगच अंगठा उठवावा.

येत्या शनिवारी काष्टीच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या बंधूंनी खिशात पैशाबरोबर एक कोरी वही आणि पेन ठेवावे. सौदा नेहमीप्रमाणेच करावा, हातावर हातही मारावा, आणि मग तेथेच उभे राहून चार ओळी लिहाव्यात.